उपकेंद्रात जानुबस्ती, अ‍ॅक्युपंक्चर ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू करायचंय, तर आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या एका बीएएमएस डॉक्टरांनी विचारलंय की त्यांच्याकडे विडी वळणाऱ्या बायका खूप, त्यातल्या कितीतरी गुडघे धरून येतात, पेनकिलर देऊन देऊन आता त्यांनाच नको वाटायला लागलंय. तर उपकेंद्रात तीन महिने जानुबस्ती (गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळी करून त्यात गरम तेल धरून ठेवणं) आणि योगासनं सुरू करावीत, एक ओळखीचे अ‍ॅक्युपंक्चरवाले फुकट यायला तयार आहेत त्यांनाही घ्यावं, शेवटी सगळ्यांकडून फॉर्म भरून घ्यावेत आणि फरक दिसला की अहवाल जिल्हा परिषदेला पाठवावा. असं केलं तर चालेल का, आणि त्यातून काही सिद्ध होईल का?

डॉक्टर, तुमची तळमळ खरी आहे आणि प्रश्न पण खरा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून हजार-हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या गुडघ्याला आपल्याकडे दोन गोळ्या आणि फार तर एक इंजेक्शन सोडून काही नाही हे मी पण वर्षानुवर्षं बघितलंय, आधी सरकारी दवाखान्यात काम करताना आणि नंतर एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, बसून लोकांचे प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचे आराखडे, वाचताना. पण तुम्ही म्हणताय तसं केलं तर उत्तर आत्ताच सांगते, फरक पडला असंच येणार. जानुबस्तीने येणार, सुयांनी येणार, आणि कोमट पाण्याची पिशवी ठेवलीत तरी येणार. ज्या प्रयोगातून ‘नाही’ असं उत्तर येऊच शकत नाही तो कितीही मनापासून केला तरी प्रयोग होत नाही, आणि सरकारी पैशावर, गरीब माणसांवर करायचा असेल तर मग नाहीच नाही.

असं का येणार ते बघा. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दुखणं टोकाला गेलेलं असतं. आषाढीला पंढरपूरपर्यंत चालून आलेली बाई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते, दहापैकी आठ दुखतंय म्हणते, आणि महिन्याभराने पाच म्हणते, तुम्ही काही केलंत तरी आणि नाही केलंत तरी. गुडघ्याची झीज चढ-उतार करतच असते, आपण चढाला मोजायला सुरू करतो आणि उताराला फॉर्म भरून घेतो. त्यात थंडीत सांधे जास्त आखडतात असं बहुतेक पेशंट सांगतात, मग जानेवारीत सुरू करून एप्रिलमध्ये थांबलात तर आपल्या सोलापूरचं ऊनच तुमचा रिझल्ट सुधारून देणार. दुसरं म्हणजे ज्यांना काही उपयोग झाला नाही त्या बायका दोन वेळा येऊन यायच्या बंद होतात, एवढी रोजंदारी बुडवून कोण येणार, त्यामुळे शेवटच्या दिवशी फॉर्म भरायला उरतात त्या बऱ्या वाटलेल्याच. आणि तिसरं, जे आपण कबूल करत नाही, तुम्ही स्वतः पाऊण तास तिच्या गुडघ्याला तेल धरून बसलात, तिच्या घरच्यांची विचारपूस केलीत, आयुष्यात पहिल्यांदा कुण्या डॉक्टरने तिला एवढा वेळ दिला, आता तीच बाई तुमच्या तोंडावर ‘काय फरक नाही ओ डॉक्टर’ म्हणेल का? नाही म्हणणार, तेवढी माणुसकी आपल्या लोकांत आहे.

हे नेमकं असंच एका सरकारने करून झालंय. उत्तर आयर्लंडमध्ये २००७-०८ साली बेलफास्ट आणि डेरी या दोन शहरांत सरकारी खर्चाने एक पायलट झाला, फॅमिली डॉक्टरांनी पेशंट अ‍ॅक्युपंक्चर, होमिओपॅथी, मसाज, कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके-सांधे दाबून करायचा उपचार) वगैरेकडे पाठवायचे. ७१३ पेशंट. शेवटी सुमारे ८० टक्के लोकांनी तब्येत सुधारली असं सांगितलं, आकडा भारी होता. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे त्या ८० टक्क्यांपैकी किती उपचाराने, किती आपोआप आणि किती कुणीतरी नीट ऐकून घेतलं म्हणून, हे त्या अहवालातून कळायची सोयच नाही. खर्च झाला, लोक खूश झाले, आणि प्रश्न होता तिथेच राहिला. तुमचा प्लॅन याचीच छोटी आवृत्ती आहे, म्हणून एवढं सांगतेय.

आता नीट केलेला प्रयोग कसा असतो ते पण बघा, तुमच्याच विषयातला, गुडघेदुखी. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा कंपन्यांपुढे प्रश्न होता की अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायचे की नाहीत. त्यांनी हजाराहून जास्त गुडघेदुखीच्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एकाला चिनी पद्धतीप्रमाणे बरोबर जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे डॉक्टरांची भेट आणि गोळ्या. सहा महिन्यांनी ठरवलेली सुधारणा दिसली ती पहिल्या गटात ५३ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के, तिसऱ्यात २९ टक्के. हा निकाल २००६ साली छापून आला. यातून दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्थ काढतात. सुयांचे समर्थक म्हणतात ५३ विरुद्ध २९, विरोधक म्हणतात ५३ विरुद्ध ५१. दोन्ही खरंय. सुई कुठे टोचली याने जवळजवळ काही फरक पडला नाही, पण टोचून घेणाऱ्या माणसाला नुसत्या गोळ्यांपेक्षा बरं वाटलं. मग जर्मनीने पैसे द्यायचं ठरवलं, कंबर आणि गुडघा या दोनच दुखण्यांसाठी. इंग्लंडच्या मार्गदर्शक संस्थेने मात्र २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि २०२१ मध्ये दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्याला देता येईल म्हटलं, तेही अट घालून की कर्मचाऱ्याचे एकूण पाच तासांपेक्षा जास्त जायला नकोत. मला ती पाच तासांची अट फार शहाणपणाची वाटते, त्यावर पुढे येते.

अ‍ॅक्युपंक्चरचा विषय सोलापुरात निघाला की कुणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव घेतंच. द्वारकानाथ कोटणीस आपले, इथे जन्मले, १९३८ साली भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण ते सर्जन होते, युद्धात जखमी झालेल्यांची ऑपरेशनं करत होते. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्यांच्याच पथकातले डॉ. बसू यांनी, पन्नासच्या दशकात परत चीनला जाऊन शिकून आले ते. कोटणीसांच्या नावावर उपचार चालू करू नका, उपचाराने स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे.

आणि आयुर्वेद उभा राहू शकतो की! मला राग येतो तो याचाच की आपलेच लोक म्हणतात आयुर्वेदाला ट्रायल लागू होत नाही, प्रकृती वेगळी, पथ्य वेगळं. अहो, आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, भगंदरासाठी क्षारसूत्राची (औषध लावलेल्या दोऱ्याची) ट्रायल घेतली, अनेक केंद्रांवर, ऑपरेशनच्या विरुद्ध, चिठ्ठ्या टाकून, १९९१ मध्ये छापली. क्षारसूत्राने जखम भरायला वेळ जास्त लागला, आठ आठवडे विरुद्ध चार, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण ४ टक्के विरुद्ध ११ टक्के. हा झाला पुरावा. तोटा पण लिहिला, फायदा पण लिहिला, म्हणून आज कुठलाही सर्जन क्षारसूत्राला हसत नाही. गुडघ्यासाठी तर आपल्याच वाटेवर काम झालंय. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी आधी पुणे-सोलापूर रोडवरच्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजली, आणि पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रकल्पात ४४० पेशंटवर २४ आठवडे आयुर्वेदिक औषधं, ग्लुकोसामाईन (सांध्यांसाठी देतात ते पूरक) आणि सेलेकॉक्सिब (पेनकिलर) यांची तुलना केली, कोण काय घेतंय हे डॉक्टरला पण माहीत नाही आणि पेशंटला पण नाही. औषधं बरोबरीची ठरली. पण त्याच ट्रायलमध्ये आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलं, औषध थांबवल्यावर खाली आलं. नीट मोजलं म्हणून कळलं. नुसते फॉर्म भरून घेतले असते तर सगळ्यांनी छान वाटलं लिहिलं असतं आणि लिव्हरचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तर आता तुमच्या उपकेंद्राकडे येऊ. पहिलं, तीन गोष्टी एकत्र सुरू करू नका. जानुबस्ती, योग, सुया सगळं एकदम दिलं तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. एक निवडा, माझं मत विचाराल तर जानुबस्ती, कारण ती तुम्हाला येते आणि तिच्यावर नीट अभ्यास कमी झालेत. फुकट येणाऱ्या माणसाला आत्ता नको म्हणा, फुकट माणूस दोन महिन्यांनी यायचा बंद झाला की तुमची ट्रायल अर्धवट पडते.

दुसरं, तुलनेचा गट. नुसत्या गोळ्यांशी तुलना केलीत तर जर्मनीसारखं होईल, वेळ दिला त्याचंच माप निघेल. त्यामुळे दुसऱ्या गटाला पण तेवढाच वेळ द्या, गरम शेक आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, तेही समोर बसून करून घ्यायचे. हे व्यायाम गुडघ्याच्या झिजेत उपयोगी पडतात याला भक्कम पुरावा आहे, आणि आपल्याकडे कुणी शिकवत नाही हे आपलं दुर्दैव. म्हणजे कुठल्याही गटातली बाई रिकाम्या हाताने जात नाही आणि तुमच्या मनाला पण टोचणी नाही. जानुबस्तीच्या गटाला पण तेच व्यायाम द्या, वर जानुबस्ती. मग उरलेला फरक जानुबस्तीचा.

गट पाडायचे चिठ्ठ्यांनीच. आणि चिठ्ठ्या तुम्ही काढायच्या नाहीत. जाड लिफाफे, त्यावर नंबर, तालुक्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी आधीच बंद करून ठेवलेले, पेशंट नोंदवून झाला, सही झाली, की मग फोडायचा. कारण सरपंचाची आई येणार, तुमच्या आशाताईंची नणंद येणार, आणि त्यांना तेलाच्याच गटात घाला म्हणून गळ पडणार, लिफाफा हातात असला की तुम्हाला नाही म्हणता येतं. दुखणं मोजणारा माणूस पण वेगळा हवा, ज्याला कोण कुठल्या गटात हे माहीत नाही, एखाद्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोन दिवस बोलवा. बायकांना पण सांगून ठेवायचं की त्यांना गट सांगायचा नाही, आणि मोजायच्या दिवशी पायाला तेलाचा वास नको, हे पण बघावं लागतं.

किती पेशंट लागतील हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, तो पहिला विचारायचा. दहाच्या मापावर दोन गटांत दीड पॉईंटचा फरक महत्त्वाचा मानला आणि माणसामाणसातली तफावत अडीच पॉईंटची धरली, तर नेहमीच्या हिशेबाने एका गटात ४४ लागतात, गळती धरून ५५, म्हणजे दोन्ही मिळून ११०. तीस बायकांवर करून काही निघणार नाही, ना हो ना नाही. आणि नुसतं दुखणं विचारू नका, आठवड्याला पेनकिलरच्या किती गोळ्या खाल्ल्या त्याची रिकामी पाकिटं आणायला सांगा, किती वेळ मांडी घालून बसता येतं, संडासातून आधाराशिवाय उठता येतं का, हे मोजा. विडीवाल्या बाईला हेच लागतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं. सुरू करायच्या आधी, कागदावर, तारीख घालून लिहा की कुठला आकडा आला तर हे पुढे न्यायचं आणि कुठला आला तर बंद करायचं. दीड पॉईंटपेक्षा कमी फरक आला तर जिल्हा परिषदेला ‘हे सुरू करू नका’ असा अहवाल पाठवणार, हे तुमच्या सहीने लिहून ठेवा. ते लिहिताना हात अडखळत असेल तर ट्रायल करू नका, सेवा म्हणून जानुबस्ती द्या, ती द्यायला तुम्हाला कुणाची हरकत नसेल, फक्त त्याला पुरावा म्हणू नका. हे लिहिलेलं सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदवायचं, फुकट असतं, २००७ पासून चालू आहे. नंतर कुणी निकाल बघून माप बदललं तर जगाला दिसतं. एथिक्स कमिटी उपकेंद्राला नसते, त्यामुळे इथल्या मेडिकल कॉलेजच्या किंवा आयुर्वेद कॉलेजच्या एखाद्या प्राध्यापकाला सोबत घ्या आणि त्यांच्या कमिटीकडून मंजुरी घ्या, ती नसेल तर एकही पेशंट घेऊ नका.

संमतीबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे लोक घाई करतात. तुमच्या भागात तेलुगू बोलणाऱ्या बायका खूप असणार, कन्नड पण, दखनी पण, मराठी फॉर्म पुढे करून अंगठा घेतला ती संमती नव्हे. तिच्या भाषेत, तिच्या घरातल्या कुणासमोर, आणि एक वाक्य न चुकता, की तू नाही म्हणालीस तरी तुझ्या गोळ्या, तुझी बीपीची तपासणी, काही बंद होणार नाही. आपल्या पेशंटला दुसरा दवाखाना परवडत नाही, म्हणून ती ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणते. त्या वाक्याला होकार समजायचं नाही, परत विचारायचं.

आता धोके. तेल बाहेरून लावायचं तर काय होतंय असं समजू नका. बऱ्याच बायकांना साखर असते, साखरेने पायाची संवेदना गेलेली असते, उडदाच्या पिठाच्या पाळीत गरम तेल ओतलं आणि तिला चटका कळलाच नाही तर फोड येईल, तो चिघळेल. त्यामुळे नोंदवतानाच साखर तपासा, संवेदना तपासा, बधिरता असेल तर घेऊच नका. दुसरं म्हणजे पुडी. सांधेदुखीवर आठवडी बाजारात नाहीतर कुणा ‘वैद्याकडून’ मिळणारी बिननावाची पुडी किती जणी खातात हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यात बरेचदा स्टेरॉईड असतं, चेहरा गोल सुजलेला, साखर अचानक वाढलेली दिसली की विचाराच. ती खाणारी बाई कुठल्याही गटात असली तरी बरी होणार आणि तुमचा हिशेब बिघडवणार, हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे ती पुडी एकदम बंद केली तर बीपी खाली जाऊन जीवावर बेतू शकतं, अशीला सिव्हिलला मेडिसिनकडे पाठवायचं, तिथे हळूहळू उतरवतील. आणि पोटात घ्यायचं कुठलंही औषध या ट्रायलमध्ये घालू नका. आयुर्वेदिक म्हणजे साईड इफेक्ट नाही हे डोक्यातून काढा, २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तुमच्या उपकेंद्रात लिव्हरची तपासणी दर महिन्याला होणार आहे का? नाही ना, मग बाहेरचं तेलच बरं.

वेळेचा हिशेब, ती पाच तासांची गोष्ट. एका जानुबस्तीला तयारी, तेल, पुसणं धरून पाऊण तास. एका बाईला समजा १४ बैठका, म्हणजे साडेदहा तास. ५५ बायकांचे जवळपास पावणेसहाशे तास. ते कोण देणार? तुमच्याकडे बीपी-शुगरची तपासणी आहे, गरोदर मातांची नोंद आहे, लसीकरण आहे. जानुबस्तीपायी एका गावात लसीकरणाचा दिवस पुढे ढकलला गेला तर तो खर्च पण ट्रायलच्या हिशेबात धरायला पाहिजे. बैठका सातवर आणता येतील का बघा, एकावेळी दोघींना देता येईल का बघा. माणूस, तेल, उडदाचं पीठ, गॅस सगळ्याची वही ठेवा, कारण जिल्हा परिषद पहिला प्रश्न हाच विचारणार आणि विचारायलाच पाहिजे.

योगाबद्दल विचारलंत म्हणून एवढंच, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या जवळपास चार हजार लोकांवर आपल्या देशात २४ केंद्रांवर योगाची ट्रायल झाली, २०२० मध्ये छापली. मृत्यू आणि पुन्हा अटॅक यांत ठाम फरक दाखवता आला नाही, जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली, आणि त्यांनी दोन्ही स्वच्छ लिहिलं. तुमचा अहवाल असा असावा.

आणि काही ठिकाणी ट्रायल हा शब्दच काढायचा नाही. टीबी, सर्पदंश, कुत्रा चावणं, इन्सुलिनवर असलेला पेशंट, तापाने फणफणलेलं लेकरू. तिथे जीव वाचवणारा उपचार माहीत आहे आणि तो फुकट मिळतो, त्याच्याऐवजी दुसरं काही देऊन बघणं हा गुन्हाच आहे. काविळीला नाकात कडू दोडक्याचा रस घालणारे आपल्या जिल्ह्यात अजून आहेत, त्यांचा कुणी ‘हे पण तपासून बघा’ म्हणून आग्रह धरला तरी ऐकू नका.

कधी सुरू करायचं, तर आषाढीनंतर निदान महिना जाऊ द्या, वारीहून आलेली दुखणी खाली बसू देत. दिवाळीत सगळ्या आठ-दहा दिवस गायब होतात आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, शहरात जातात, ते आठवडे आधीच फॉलोअपमधून वगळून तारखा लावा. फॉलोअप तीन महिन्यांवर थांबवू नका, सहा महिने करा, तेलाचा गुण थांबवल्यावर किती टिकतो हेच तर बघायचंय. प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा मराठीतच लिहा, कमिटीला पाठवायच्या आधी मला पाठवलात तर मी ओळन्‌ओळ वाचून देईन, विशेषतः तो बंद करायचा आकडा लिहिलेला परिच्छेद.